सामनेवाला क्रमांक तीन

अर्जाच्या पहिल्या पानावर वरती माझं नाव, अर्जदार म्हणून. खाली 'विरुद्ध'. मग एकेक सामनेवाला. क्रमांक एक, टेम्पोचा मालक आणि चालक. क्रमांक दोन, त्याच्या टेम्पोची विमा कंपनी. क्रमांक तीन, माझा नवरा. क्रमांक चार, आमच्या मोटरसायकलची विमा कंपनी. वकीलसाहेबांनी कागद सहीला पुढे सरकवले तेव्हा सामनेवाला क्रमांक तीन माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे, पिनकोड चुकलाय."

आजवर यांच्याविरुद्ध माझ्या तक्रारी काय कमी होत्या? पण लेखी अशी ही पहिलीच, आणि तीही यांनीच वकिलाची फी भरून केलेली.

कारण साधं होतं. अपघात झाला तेव्हा मोटरसायकलवर मी मागे बसले होते. गाडी चालवणाऱ्याला नुकसानभरपाई मागताना 'तुझी स्वतःची चूक किती?' हा प्रश्न चुकत नाही, आणि जेवढी चूक ठरेल तेवढे पैसे कापले जातात. मागे बसलेल्याचं तसं नाही. त्याच्या हातात ना हँडल, ना ब्रेक. दोन चालकांच्या भांडणात त्याचं हाड मोडलं, तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. पुढची वाटणी त्या दोघांनी आपसात करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलेलं आहे. म्हणून सावध वकील दोन्ही गाड्यांना सामनेवाले करतो. उद्या कोर्टाला वाटलंच की मोटरसायकलवाल्याचीही तीस टक्के चूक होती, तर ते तीस टक्के हवेत राहू नयेत.

यात एक मेख आहे. सक्तीचा जो नुसता थर्ड पार्टी विमा असतो, आमच्यासारख्या १२५ सीसीच्या गाडीला जून २०२२ पासून वर्षाला ७१४ रुपयांचा, त्यात दुचाकीच्या मागे फुकट बसलेला माणूस येत नाही. २००६ साली तिलक सिंग नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून टाकलं. रस्त्यावरचा अनोळखी माणूस येतो, मागे बसलेली बायको येत नाही! आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी पॅकेज पॉलिसी असेल तर मात्र ती येते. २००९ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं बजावलं आणि २०१२ साली न्यायालयानेही ते उचलून धरलं. आमची गाडी २०२४ च्या गुढीपाडव्याला घेतलेली, म्हणून पहिल्या वर्षाचं पॅकेज चालू होतं. शोरूमवाला हार घालताना म्हणाला होता, "पाच वर्षं विम्याकडे बघायला नको." सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तेवढ्यापुरतं ते खरंच आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र वर्षभरातच संपतो, आणि ते सांगायला शोरूममध्ये कुणाचं तोंड उघडत नाही. पेढे वाटायची घाई असते.

अपघात झाला तो ३ नोव्हेंबर २०२४ ला, भाऊबीजेच्या दिवशी. कराडजवळ माहेरी दादाला ओवाळून आम्ही दुपारी साताऱ्याकडे निघालो. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे जागोजागी रस्ता उकरलेला, वाहतूक कुठे इकडून कुठे तिकडून वळवलेली. अतीत सोडून नागठाण्याच्या अलीकडे आम्ही सेवा रस्त्यावर होतो. समोरून चुकीच्या बाजूने भाजीचे रिकामे क्रेट भरलेला छोटा टेम्पो आला. पुढच्या वळणापर्यंतचा हेलपाटा वाचवायला सगळेच तिथून येतात. त्याने वाचवलं, आम्ही वाचवलं, आणि दोघांनी एकाच बाजूला वाचवलं. पडल्यावर मी हात टेकला. माझं उजवं मनगट गेलं, यांचं डावं कॉलर बोन.

कुणीतरी १०८ ला फोन लावत होतं. टेम्पोवाला थांबला नाही. म्हणजे पळाला नाही. वाट बघत थांबला नाही. त्याने फाळका पाडला, क्रेट रस्त्याकडेला फेकले, आम्हाला दोघांना आत घेतलं आणि दवाखान्यात आणलं. रांगेत उभं राहून केसपेपर काढला. रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होता. हे सगळं इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण पुढे याच चांगुलपणाने दाव्यात पाचर मारली.

आपल्याकडे अपघात झाला की पहिला शब्द ऐकू येतो तो 'मिटवा'. पोलिसात जायचं नाही, कोर्टाची पायरी नको, समोरचाही पोटासाठीच फिरतोय, दहा-वीस हजार घ्या आणि मोकळे व्हा. जमलेल्या दहा माणसांत एखादा तरी गावचा पुढारी निघतो, आणि गाडीच्या मोडलेल्या इंडिकेटरकडे बघून तो माणसाच्या हाडाचा भाव करतो. दादासुद्धा हेच म्हणाला. टेम्पोवाला हात जोडून म्हणत होता, "दवाखान्याचं सगळं मी भरतो, केस तेवढी नको." एक्स-रे तोवर आलाही नव्हता. नंतर आला, मग प्लेट बसवायचं ठरलं, मग बिल एक लाख अडतीस हजार झालं. भाजीच्या टेम्पोवाल्याने ते कुठून भरलं असतं? शब्दाला जागायचं म्हटलं असतं तर टेम्पो विकावा लागला असता, आणि टेम्पोवर तर बँकेचं कर्ज. रस्त्यावरच्या मिटवामिटवीला मी माणुसकी समजत आले होते. आता वाटतं, त्यात दोन्हीकडचे गरीबच आपसात पैसे फिरवतात, आणि ज्या कंपनीने या दिवसासाठी हप्ता घेतलेला असतो तिला पत्ताही लागत नाही.

तसंही मिटवणं आमच्या हातात नव्हतंच. अपघाताचा रुग्ण आला की दवाखाना पोलिसांना कळवतो. दोन दिवसांनी हवालदारसाहेब जबाब घ्यायला आले. विधानसभेचं मतदान २० तारखेला, सगळं पोलिस ठाणं बंदोबस्तात. जुलैपासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली होती; हवालदारसाहेबांनी खिशातून घडी घातलेला तक्ता काढून कलमं बघितली. पूर्वीचं २७९, ते आता २८१. पूर्वीचं ३३८, ते आता १२५ (ब). हाड मोडलं की ती कायद्याने 'गंभीर दुखापत' होते. त्यांनी ते लिहिलं, आणि ज्या माणसाने मला उचलून आणलं होतं तो आरोपी झाला.

घटनास्थळाचा पंचनामा त्यानंतर झाला. त्यात रस्त्याची रुंदी आहे, काचेचे तुकडे आहेत, आमच्या मोटरसायकलचं वर्णन आहे, आणि एक वाक्य आहे: 'सदर ठिकाणी टेम्पो मिळून आला नाही.' कसा मिळून येणार? तो आम्हाला घेऊन दवाखान्यात गेला होता. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला सांगतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दे. त्याने नेमकं तेच केलं होतं. पण विमा कंपनीच्या लेखी म्हणण्यात त्या एका वाक्याचं रोपटं होऊन झाड झालं. टेम्पो अपघातात गुंतलेलाच नव्हता. अर्जदार आणि सामनेवाला क्रमांक एक यांनी संगनमताने, विमा असलेलं वाहन नंतर दाखवून, खोटा दावा उभा केला आहे. ज्या माणसाचं नावही मला दवाखान्यात कळलं, त्याच्याशी माझं संगनमत!

रागाने मी ते कागद वकीलसाहेबांच्या टेबलावर आपटले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, असं खरंच होतं." धडकलेल्या गाडीचा विमा नसतो, मग विमा असलेली दुसरी गाडी उभी करतात. उत्तर प्रदेशात तर खोट्या दाव्यांचा शोध घ्यायला न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावं लागलं. म्हणजे कंपनीचा संशय अगदीच हवेतला नव्हता. पण खोटे लोक कागद पक्के करूनच येतात; फटी राहतात त्या आमच्यासारख्यांच्या. आमची फट बुजवली ती एका रकान्याने. दवाखान्याच्या अपघात नोंदीत 'रुग्णास कोणी आणले' असा रकाना असतो. तिथे रात्रपाळीच्या कुणा सिस्टरने टेम्पोवाल्याचं नाव, गाव आणि टेम्पोचा नंबर लिहून ठेवला होता. तो नंबर तिने का लिहिला, देव जाणे. त्या बाईला मी ओळखत नाही. तिच्या अक्षरावर आमचा सगळा दावा उभा आहे.

मोटरसायकलचं काम त्या मानाने फार लवकर झालं. गॅरेजमध्ये सर्व्हेअर आले, त्यांनी फोटो काढले, मोडलेला एकेक भाग हाताने तपासला. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापले. सहा महिने झालेल्या पण वर्ष न भरलेल्या गाडीच्या धातूच्या भागांवर पाच टक्के घट. रंगाच्या सामानावर निम्मे. वरती दुचाकीला ठरलेले शंभर रुपये आपण सोसायचे. हल्लीच्या गाडीला पत्रा कमी आणि प्लॅस्टिक जास्त, त्यामुळे 'फुल इन्शुरन्स' म्हणता म्हणता बिलाचा बराचसा भाग आमच्याच खिशातून गेला. पण निदान हिशेब दिसत होता आणि कुणी कुणाला आरोपी केलं नाही. आम्ही दोघं गळ्यात झोळ्या अडकवून घरात बसलेलो असतानाच गाडी धुऊन-पुसून दारात आली.

यांच्या हाडाचं काय, हा प्रश्न तेव्हाच निघाला. पॉलिसीत 'मालक-चालक वैयक्तिक अपघात, १५ लाख' अशी ओळ होती. यांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा. मग खालचा तक्ता वाचला. मृत्यू, शंभर टक्के. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे, शंभर टक्के. एक अवयव किंवा एक डोळा, पन्नास टक्के. याखेरीज कायमचं पूर्ण अपंगत्व, शंभर टक्के. मोडलेलं कॉलर बोन त्या तक्त्यात कुठेच नाही. "म्हणजे आपण थोडक्यात वाचलो आणि १५ लाखही वाचले," हे म्हणाले. मागे बसणाऱ्याला तर ही ओळदेखील नसते. त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. दुचाकीचा सक्तीचा विमा हा मुळात दुसऱ्याला आपल्यापासून वाचवणारा विमा आहे. तो असायलाच हवा याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही, पण ज्याच्या नावाने पावती फाटते त्याचं हाड त्यात नाही, हे लोकांना सांगितलं पाहिजे.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी दारात एक बाई उभी राहिली. हातात पिशवी, त्यात मेथी, वांगी, ओला हरभरा. टेम्पोवाल्याची बायको. मी आत बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि बराच वेळ माझ्या प्लॅस्टरकडे बघत राहिली.

"ताई, लय दुखतं का?"

"आता कमी आहे."

"त्यांना झोप न्हाई. समन्स आलंय म्हनत्यात. टेम्पो सोडवून आनला तेव्हापास्नं तोंडात घास न्हाई."

मी तिला समजावलं. म्हटलं, तुमच्या माणसाकडून आम्हाला एक रुपया नको. टेम्पोचा विमा चालू आहे, पैसे कंपनी देणार. तुम्ही दरवर्षी हप्ता भरता तो यासाठीच.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "कंपनी पैसं देनार, तर मग आमच्या मानसाला गुन्हेगार कशापायी केलाय?"

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, चार पुस्तकं वाचते. मला उत्तर आलं नाही. चहा झाला, ती पिशवी तिथेच ठेवून गेली. मी नको म्हटलं तरी. ती मेथी दुसऱ्या दिवशी यांनी उजव्या हाताने आणि मी डाव्या हाताने निवडली. घरात तेव्हा दोन माणसांत मिळून दोनच हात चालत होते.

तिचा प्रश्न मी तसाच वकीलसाहेबांपुढे ठेवला. ते हसले नाहीत. म्हणाले, कायद्यात याचं अर्धं उत्तर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कुणाचीही चूक सिद्ध न करता भरपाई मिळते: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. कोण चुकलं हे बोलायचंसुद्धा नाही. दुसरा रस्ता कलम १६६ चा. तिथे समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा, आणि मग नुकसान जेवढं तेवढी भरपाई. त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत, एप्रिल २०२२ पासून. फौजदारी गुन्हा या दोन्हींपासून वेगळा. तो सरकार चालवतं, आपण फक्त साक्षीदार.

म्हणजे कुणालाही दोष न देता अडीच लाख, किंवा दोष देऊन जास्त. किती जास्त, ते वकीलसाहेबांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं.

मी घरी ब्लाऊज शिवते. साधा दोनशे रुपये, अस्तराचा चारशे, लग्नसराईत त्याहून जास्त. उत्पन्नाचा पुरावा काय? आयकर विवरण नाही, दुकानाचा परवाना नाही. आहे ती मापांची वही. छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, आणि कोपऱ्यात 'दिले' किंवा 'बाकी'. मोबाइलवरचे काही पैसे आल्याचे मेसेज. वकीलसाहेबांनी वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. त्यात निम्म्या गल्लीची मापं होती. कोर्टात कोण बघणार म्हणा, पण मी नावांवर पट्ट्या चिकटवल्या. महिन्याचे नऊ हजार धरले. चाळीस ते पन्नास वयाच्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाचं उत्पन्न पुढे वाढलं असतं म्हणून त्यात पंचवीस टक्के मिळवायचे. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलेलं. झाले ११,२५०. वर्षाचे १,३५,०००. माझं वय त्रेचाळीस, त्याला गुणक १४, म्हणजे वर्षाचा आकडा किती पट धरायचा ते. हा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला. राहिला तो अपंगत्वाचा टक्का.

डॉक्टरांच्या दाखल्यावर उजव्या हाताचं पंधरा टक्के कायमचं अपंगत्व. कंपनीचं म्हणणं, हाताचे पंधरा म्हणजे सगळ्या शरीराचे पाच. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात न्यायालयाने नेमका हाच गुंता सोडवला आहे. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून यांचं शरीराचं नुकसान सारखं, पण कमाईचं सारखं नाही; कुणाच्या पोटाला किती चिमटा बसला ते बघा. माझं मनगट आता पूर्ण वळत नाही. स्वयंपाक होतो, लिहिता येतं, भांडणही व्यवस्थित करता येतं. पण मशीनच्या पायाखाली गळ्याची गोलाई फिरवताना मनगट जिथे वळायला हवं तिथेच अडतं, आणि हातशिलाईला बसलं की पाचव्या मिनिटाला कळ येते. कंपनीचा पाच टक्के तिथे चालत नाही. पंधरा धरले तर या एका खात्याचेच २,८३,५०० होतात. वर औषधोपचार, वेदना, बसून राहिलेले महिने.

मग वकीलसाहेबांनी विचारलं, "घरकामाचे किती लावू?"

मी म्हटलं, "घरकामाचे कसले?"

त्यांनी २००१ च्या लता वाधवा निकालाचं सांगितलं, ज्यात गृहिणीच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली होती. मग जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणाचं. दिल्लीत मोटरसायकलवरून जाताना मोटारीच्या धडकेत दगावलेल्या नवराबायकोचं प्रकरण. बाई गृहिणी होती. न्यायालयाने सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे दिले: घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामाला बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाचे ९७. आणि म्हटलं की या कामाला मोल आहे, तुम्ही ते काही ना काही धरलंच पाहिजे. शेजारून हे म्हणाले, "सत्याण्णव जरा जास्तच वाटतात."

मला त्या २९९ वर हसावं की काय करावं कळेना. एवढी वर्षं जे कुणी मोजलं नाही ते मोजायला मनगट मोडावं लागलं, आणि मोजणारा कोण, तर विमा कंपनीकडून पैसे काढू बघणारा वकील. पण मी आकडा लावायला सांगितला. घरात पोळ्यांना बाई ठेवली होती, तिचे महिन्याचे पैसे मी स्वतः मोजून दिलेत. तो आकडा तरी कल्पनेतला नव्हता.

मी कलम १६६ निवडलं. अडीच लाखात भागलं नसतं, हे एक. दुसरं असं की ती बाई काहीही म्हणो, तो चुकीच्या बाजूने आला होता. कोण चुकलं हे बोलूच नये, असं मला वाटत नव्हतं. त्याला दोष न देता पैसे घेतले असते तर तिच्यापुढे मला हलकं वाटलं असतं, पण गुन्हा काही हलला नसता.

कंपनीने दुसराही घाव घातला होता. टेम्पोवाल्याकडे लायसन्स होतं ते हलक्या मोटार वाहनाचं. टेम्पो मालवाहू, आणि लायसन्सवर त्याची वेगळी नोंद नाही, म्हणून आमची जबाबदारीच नाही. इथे मात्र नशीब धावून आलं. आमच्या अपघातानंतर तीनच दिवसांनी, ६ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला: साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरे. सरन्यायाधीश चंद्रचूड निवृत्त व्हायच्या त्याच आठवड्यात. मी तेव्हा दवाखान्यात प्लेट घालून पडले होते आणि समोरच्या टीव्हीवर अमेरिकेचा निकाल चालला होता. माझ्या कामाची बातमी कुठेतरी खालच्या पट्टीत धावून गेली असणार. मेडिक्लेमचंही तसंच. यांच्या पतसंस्थेच्या गटविम्यातून ऑपरेशनचे बरेचसे पैसे मिळाले होते. कंपनी म्हणाली, तेवढे वजा करा, एकाच बिलाचे दोनदा पैसे कसे? आम्ही अर्ज दाखल केला त्याच सुमारास, मार्च २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की मेडिक्लेम हा हप्ता भरून केलेला स्वतंत्र करार आहे, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला द्यायचा नाही. खरं सांगायचं तर कंपनीचा हा एकच मुद्दा मला अगदीच खोटा वाटला नव्हता. पण निकाल माझ्या बाजूचा, आणि मी काही हरकत घेतली नाही.

उलटतपासणीला मी घाबरले होते. कंपनीच्या वकीलबाई वयाने लहान, बोलायला गोड. त्या विचारत, मी सांगत असे, आणि न्यायाधीशसाहेब टंकलेखकाला सांगत ते तिसऱ्याच भाषेत. 'हे म्हणणे खरे नाही की, माझ्या पतीने मोटरसायकल भरधाव वेगाने चालविली. हे म्हणणे खरे नाही की, मी सामनेवाला क्रमांक एक यांच्याशी संगनमत करून खोटी साक्ष देत आहे.' इतकी 'खरे नाही की' ऐकल्यावर आपलं नाव तरी खरं आहे का अशी शंका यायला लागते.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसला होतात, त्यामुळे तोल गेला, खरं आहे ना?"

भाऊबीजेला मी आणखी काय नेसणार होते? मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून अर्ध्या चाकाचं संरक्षण सक्तीचं केलेलं आहे. त्या जाळीला आपण साडी गार्डच म्हणतो. नियम करणाऱ्याला मागे साडीतली बाई दिसत होती. कंपनीला ती आत्ता दिसली. आमच्या वकीलसाहेबांनी २०२० चा एक निकाल पुढे केला. त्यात मोटरसायकलवर तिघं बसले होते. न्यायालय म्हणालं, तिघं बसणं नियमाविरुद्ध असेल, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा दुखापत वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येणार नाही. मी तर एकटी, आणि नियमाविरुद्धही नव्हते. साहेबांनी लिहून घेतलं: 'हे म्हणणे खरे नाही की, माझ्या बसण्याच्या पद्धतीमुळे तोल गेला.'

लोकअदालतीत कंपनीचे अधिकारी साडेतीन लाखांवर आले. वकीलसाहेब पाचाच्या खाली उतरायला तयार नाहीत. हे म्हणतात, चार पंचवीसला मिटवून टाक. बघा, 'मिटव' हा शब्द फिरून आलाच, पण आता मिटवायला कंपनी बसली आहे आणि एक्स-रेही टेबलावर आहे. मी अजून ठरवलेलं नाही.

फौजदारी खटल्यातली माझी साक्ष व्हायची आहे. समन्स आलेलं आहे. तिथे मला सरकारी वकील विचारतील, टेम्पो कुठल्या बाजूने आला. मी सांगणार, चुकीच्या बाजूने. तो तसाच आला होता. मग बहुतेक ते बसायला लागतील. त्यांनी विचारलं नाही तरी मी साहेबांना सांगणार आहे की याच माणसाने फाळका पाडून आम्हाला उचलून दवाखान्यात नेलं. अपघात नोंदीतल्या त्या रकान्याची सहीशिक्क्याची नक्कल मी आजच मागून घेतली आहे. एक प्रत त्याच्या वकिलाला द्यायची आहे.